बिडीचा खोकला म्हणून किती दिवस काढायचे? (सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार, ओळखण्याबद्दल)

मनमाडचा_नीलेश

नमस्कार मंडळी. प्रश्न मामांबद्दल आहे. वय ६१, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. बिडी विशीच्या आतच लागली. ड्युटीवर असताना दिवसाला एक कट्टा सहज व्हायचा. आता "कमी केली" म्हणतात, म्हणजे मामी समोर असली की ओढत नाहीत.

रोज सकाळी उठल्यावर बराच वेळ खोकतात, पांढरट बेडका पडतो. मग चहा, मग बिडी, आणि मग म्हणे छाती मोकळी होते. गेले काही हिवाळे दर वेळी छाती भरते. गावातले डॉक्टर अँटिबायोटिक आणि खोकल्याची बाटली देतात, आठ-दहा दिवसांत उतार पडतो. एक्स-रे झालाय, तो क्लिअर आहे. त्यामुळे मामांचा मुद्दा असा की फोटो स्वच्छ म्हणजे फुप्फुस स्वच्छ. दम लागतो का विचारलं तर ठणकावून "छे!"

ऑफिसातल्या एकाने "हे सीओपीडी असणार" असं डोक्यात भरवून दिलंय. ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला आणि हा आजार यांत फरक करायचा कसा? मामा टेस्टला सहज तयार होणारे नाहीत, त्यामुळे आधी मलाच नीट कळू दे.

भुसावळी_केळं

ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला ही बिडीवाल्यांनीच काढलेली पळवाट आहे. महिनोन्‌महिने खोकणारा माणूस नॉर्मल कसा काय बुवा?

बाकी डॉक्टर मंडळी येईपर्यंत मी फुटाणे घेऊन बसतो.

आबा_साताऱ्याचे

आमचे आजोबा नव्वदीत गेले. चिलीम, बिडी, सगळं चालू. सकाळी शेतावर, संध्याकाळी पारावर. कधी पंप नाही की वाफ नाही. हल्ली माणूस जरा खोकला की त्याला आजाराचं नाव चिकटवतात. मामांना सुंठ-गूळ द्या आणि टेन्शन घेऊ नका.

छातीठोक

छातीच्या आजारांचं काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

नीलेश, "दम लागतो का?" हा प्रश्न या रुग्णांना विचारून उपयोग नसतो. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं, आणि ते खोटं बोलत नसतात. हा आजार वर्षानुवर्षं हळूहळू चढतो आणि माणूस त्याच्या बेताने स्वतःचं आयुष्य आखडत नेतो. जिना टाळतो. बाजारात मागे राहतो. पिशवी मुलाकडे देतो. लग्नात पंगतीत वाढायला उठत नाही. दम लागेल असं काही करायचंच नाही म्हटल्यावर दम लागणार कुठून? म्हणून मी विचारतो, "पाच वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?" हाच प्रश्न मी त्यांच्या बायकोलाही विचारतो. ती यादीच देते.

दम मोजायची आमच्याकडे ० ते ४ अशी पट्टी आहे. फक्त जोराच्या श्रमाने दम लागला तर ०. सपाटीवर भरभर चालताना किंवा लहानसा चढ चढताना लागला तर १. बरोबरीच्या वयाच्या लोकांपेक्षा हळू चालावं लागतं, किंवा आपल्याच चालीने जातानाही सपाटीवर थांबावं लागतं, तर २. शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर ३. कपडे घालताना धाप लागते किंवा घराबाहेरच पडवत नाही, तर ४. मामा बिनतक्रार २ वर असू शकतात.

आता एक्स-रे. तो काढलात हे चांगलंच, कारण टीबी, गाठ, न्यूमोनिया, हृदयाचा वाढलेला आकार यांची कल्पना त्यातून येते. पण सीओपीडी सुरुवातीला आणि बरेचदा मधल्या टप्प्यातही एक्स-रेत दिसत नाही. बिघाड हवेच्या वाहण्यात असतो आणि फोटोत वाहणं दिसत नाही. त्यासाठी फुंकायची टेस्ट लागते, म्हणजे स्पायरोमेट्री. लॅबमध्ये पीएफटी म्हणाल तर लगेच कळेल.

पूर्ण श्वास भरून जोरात सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, यांचं गुणोत्तर काढतात. मग साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या उघडणारं औषध देऊन १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही ते गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल, आणि लक्षणं व धुराचा इतिहास जुळत असेल, तर निदान झालं. नुसती छाती तपासून, आवाज ऐकून नक्की सांगता येत नाही. बरेचदा छातीत शिट्टी वाजतही नाही, आवाज फक्त मंद झालेले असतात.

आबा, तुमच्या आजोबांना नमस्कार. प्रत्येक ओढणाऱ्याला सीओपीडी होतो असं कुणीच म्हणत नाही. पण ज्यांना झाला ते नव्वदीत पारावर बसलेले दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला फक्त आजोबा दिसतात.

भुसावळी_केळं

शेवटच्या ओळीला फुटाणे खाली ठेवून टाळ्या.

मनमाडचा_नीलेश

डॉक्टर, पाच वर्षांचा प्रश्न रात्री मामीला फोनवर विचारला. यादीच आली!

दर चैत्रात वणीच्या गडावर पायऱ्यांनी जायचे. ट्रॉली सुरू झाल्यापासून ट्रॉलीने. आधी म्हणाले गर्दी असते, मग म्हणाले गुडघे. आता अंघोळीनंतर पलंगावर बसून राहतात, मगच शर्ट घालतात. भजनात टाळ घेतात पण गात नाहीत. मळ्यातली मोटार चालू करायला पुतण्याला पाठवतात. मामीला वाटत होतं रिटायर झाल्यावर आळस चढलाय.

कृष्णाकाठची_सई

भजनाचं वाचून चर्र झालं. माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच. आरती म्हणताना मधल्या ओळी सोडायचे. आम्हाला वाटायचं विसरतात.

फॅमिली_डॉक्टर_तालुक्याचा

छातीठोक यांच्याशी बराचसा सहमत, पण तालुक्याच्या ठिकाणाहून दोन शब्द.

पहिलं, आमच्याकडे दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटलं की आधी थुंकी तपासायची, टीबीसाठी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. सीओपीडीच्या नादात हे सुटता कामा नये. शिवाय जुना टीबी बरा झालेल्यांतही पुढे श्वासनळ्या अरुंद झालेल्या सापडतात, म्हणून मामांना कधी टीबी झाला होता का तेही विचारा.

दुसरं, साठीचा ओढणारा माणूस आणि चढावर धाप म्हणजे फुप्फुसच असं नाही. हृदय असू शकतं. काहींना छातीत न दुखता नुसताच दम लागतो. ईसीजी आणि गरज पडली तर टू-डी इको झालाच पाहिजे. हिमोग्लोबिनही बघावं.

तिसरं, ते ०.७० प्रकरण. वय वाढलं की हे गुणोत्तर तसंही खाली येतं. ऐंशीच्या निरोगी माणसालाही या एका आकड्यावर रोगी ठरवता येईल, आणि चाळिशीतला खरा रोगी सुटू शकेल. वयानुसार खालची मर्यादा बघावी असं म्हणणारे कमी नाहीत.

छातीठोक

पहिल्या दोन्हींना पूर्ण अनुमोदन. हृदय आणि फुप्फुस दोन्ही बिघडलेले रुग्ण भरपूर, कारण बिडी दोघांनाही सोडत नाही.

तिसऱ्यावर आपण दोघं रात्रभर भांडू शकतो. आकडा ०.७० च्या आसपास असेल तर मी पुन्हा टेस्ट करतो, वयानुसारची मर्यादाही बघतो. पण चार दशकं बिडी, कफ आणि अंघोळीनंतर धाप अशी गोष्ट समोर असताना हा वाद फारसा आड येत नाही.

लोअर_परळ_लोकल

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरी पडलाय. माझा ९७ येतो. दिवसाला दहा सिगारेट, तीही लाइट. वय ४१. मी सुटलो ना?

फॅमिली_डॉक्टर_तालुक्याचा

नाही. ऑक्सिजन बरंच नुकसान झाल्यावर घसरतो. ९७ आकडा सीओपीडीला क्लीन चिट देत नाही. शिवाय सिगारेटमधला कार्बन मोनॉक्साइड रक्तात असला तरी तो साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतो.

आणि लाइटचं म्हणाल तर माणूस ती जास्त खोल ओढतो, जास्त झुरके घेतो. हिशेब तिथल्या तिथे.

लोअर_परळ_लोकल

म्हणजे मशीनलासुद्धा मीच फसवतोय. बरं.

तेंदूपत्ता

गोंदियाचा आहे, आजी बिड्या वळायची. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून लोक बिडीला हलकी समजतात. पण पान हवा जाऊ देत नाही, बिडी सारखी विझते, त्यामुळे ती पेटती ठेवायला जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावं लागतं. निकोटिन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड, काहीच कमी जात नाही. दवाखान्यात "सिगारेट ओढता का?" विचारलं की आमच्याकडचे लोक प्रामाणिकपणे "नाही" सांगतात. बिडी मोजतच नाहीत.

छातीठोक

अगदी! बिडी, चिलीम, हुक्का असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. हिशेबाची रीतही सांगून ठेवतो: रोज २० सिगारेट एक वर्ष म्हणजे एक पॅक-वर्ष. रोज १० असतील तर दोन वर्षांत एक. परळकर, तुम्ही वीस वर्षं ओढत असाल तर तुमची १० पॅक-वर्षं झाली. बिडीला मी सूट देत नाही.

वैदेही_जोग

अडुळसा, ज्येष्ठमध, हळद घालून दूध यांचा कुणी उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्याकडे यानेच खोकले गेले. उगाच पंपाची सवय लावून घेऊ नये, एकदा लागला की सुटत नाही.

छातीठोक

काढा घशाला बरा वाटत असेल तर घ्या, पण तो बंद झालेली श्वासनळी उघडत नाही. पंपाची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून पंप राहतो. चष्म्याची कुणाला सवय लागली असं आपण म्हणतो का?

सवय लागते ती दुसऱ्या एका गोष्टीची. "दम्याच्या पुड्या" नावाने मिळणाऱ्या चुऱ्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत होतो, आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मामांना कुणी अशा पुड्या दिल्यात का, बघा.

कृष्णाकाठची_सई

जरा अवांतर. माझ्या आईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. तिला मात्र सीओपीडी निघाला. लग्न होऊन आली तेव्हापासून चूल, बंद स्वयंपाकघर, पावसाळ्यात ओली लाकडं आणि गोवऱ्या. "तुम्ही ओढत नाही ना, मग दमाच" असं म्हणून तिला बरीच वर्षं दम्याच्या गोळ्या दिल्या गेल्या. टेस्ट झाली तेव्हा कळलं. धाग्याचं नाव बिडी असलं तरी चूल विसरू नका.

फॅमिली_डॉक्टर_तालुक्याचा

अवांतर मुळीच नाही. गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. मामींनाही मामांबरोबर फुंकायला बसवा.

दमा की सीओपीडी याचा ढोबळ अंदाज: दमा बरेचदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, रात्री-पहाटे जोर करतो, घरात ॲलर्जी असते, आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत. सीओपीडी चाळिशीनंतर, हळूहळू, रोजचाच. पण दोन्ही एकत्र असलेलेही भेटतात, म्हणून अंदाजावर थांबू नये.

फुंकणी

पीएफटी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!" ओरडणं हे माझं काम. शेजारच्या खोलीतल्यांना वाटतं इथे कुस्ती चाललीय.

पेशंटला आणण्याआधी: टेस्टच्या आधी तासभर तरी बिडी नको. पोट तुडुंब भरून येऊ नका. कपडे सैल. आधीपासून पंप चालू असेल तर किती तास आधी बंद ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठ नीट मिटतात. नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त येत असेल तर आधीच सांगा, टेस्ट पुढे ढकलतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन लोक हमखास सांगायचं विसरतात.

निदान तीन चांगल्या फुंका लागतात आणि त्यांतल्या उत्तम दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. अर्धवट फुंकलेला रिपोर्ट निरोगी माणसाला आजारी ठरवतो आणि आजाऱ्याला निरोगी. रिपोर्टवर आलेख बघा, नुसते आकडे नको.

या यंत्राचा मूळ पुरुष जॉन हचिन्सन. त्याने १८४६ मध्ये दोन हजारांवर लोकांना फुंकायला लावून मापं छापली. पुढे ऑस्ट्रेलियाला गेला आणि फिजीत वारला. माझं काम त्याच्यामुळे आणि माझा बसलेला घसाही त्याच्यामुळेच.

लीड्सची_मावशी

इथे इंग्लंडमध्ये नियमच सोपा ठेवलाय. वय ३५ च्या वर, ओढतो किंवा ओढायचा, आणि श्रमाने दम, जुना खोकला, नेहमीचा कफ, दर हिवाळ्यात छाती भरणं, घरघर यांपैकी एक जरी असेल तरी सीओपीडीचा संशय घ्यायचा आणि स्पायरोमेट्री करायची. तुमच्या मामांचे यातले तीन तरी पहिल्याच पोस्टमध्ये आहेत.

लोअर_परळ_लोकल

मग मला काहीच होत नसताना मीही फुंकून यावं का? सगळ्याच ओढणाऱ्यांची टेस्ट का करत नाहीत?

फॅमिली_डॉक्टर_तालुक्याचा

लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी करण्याच्या मी विरोधात आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचाही तसाच सल्ला आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की तुमच्यासारखा माणूस पार्टी करतो आणि आणखी एक पाकीट घेतो.

छातीठोक

इथे माझं थोडं वेगळं मत. इंग्लंडमध्येच हर्टफर्डशायरला ५६१ ओढणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये छापून आला. सगळ्यांची स्पायरोमेट्री केली. निम्म्यांना नुसते आकडे कळवले, निम्म्यांना "तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं" असं सांगितलं. वर्षानंतर पहिल्या गटात ६.४ टक्के लोकांनी सोडली होती, दुसऱ्या गटात १३.६ टक्के. ज्यांचं फुप्फुस ठणठणीत निघालं त्यांनी पार्टी केली असंही दिसलं नाही. म्हणून कुणी स्वतःहून मागितली तर मी टेस्ट करतो.

आणि परळकर, खरंच काही होत नाही? दादरचा पूल चढून वर गेल्यावर मोबाइल बघायला थांबता का?

लोअर_परळ_लोकल

हे असं जाहीर विचारायचं नसतं डॉक्टर.

आबा_साताऱ्याचे

इतकी वर्षं ओढून झाल्यावर आता सोडून काय फरक पडणार? जे व्हायचं ते झालं.

छातीठोक

१९७७ साली फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या कामकरी पुरुषांवरचा अभ्यास मांडला, तेव्हापासून याचं उत्तर माहीत आहे. गेलेलं परत येत नाही, पण सोडल्यावर घसरण मंदावते. पंचेचाळिशीत सोडली तर उत्तमच, पासष्टीत सोडली तरी पुढची वर्षं वेगळी जातात. "कमी केली"चा मात्र फारसा उपयोग होत नाही, पूर्ण सोडावी लागते.

मनमाडचा_नीलेश

धागा वर काढतोय. मामांना अखेर नेलं. टेस्टला नव्हे, "मामीला चुलीमुळे टेस्ट सांगितलीय, तुम्ही सोबत चला" असं म्हणून. तिथे टेक्निशियन बाईंनी मामींचं झाल्यावर "काका, बघू तुमचा दम" म्हणून आव्हान दिलं. चालक माणूस, इरेला पेटला.

मामींचा नॉर्मल. मामांचं औषधानंतरचं गुणोत्तर ०.५८, आणि पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ६१ टक्के. म्हणजे सीओपीडी, मध्यम. ईसीजी, इको ठीक, थुंकी निगेटिव्ह. मामा मशीनला दोष देत घरी आले. डॉक्टरांनी कॅप्सूलचा पंप दिलाय. पण चार दिवसांत काडीचा फरक नाही म्हणतात.

फुंकणी

"काका, बघू तुमचा दम" आम्ही सगळ्याच वापरतो. :))

कॅप्सूल घेतात कशी ते समोर बसून बघा. गिळत तर नाहीत ना?

मनमाडचा_नीलेश

…पाण्याबरोबर गिळत होते. चारही दिवस. ते यंत्र कपाटात, त्याच्या डब्यासकट.

भुसावळी_केळं

मामांचं पोट आता मोकळा श्वास घेत असेल.

छातीठोक

हसू नका, हे नेहमीचं आहे. गिळल्याने अपाय सहसा होत नाही, पण फुप्फुसाला काही मिळत नाही. कॅप्सूल यंत्रात घालायची, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा (यंत्राच्या बाहेर), तोंडात धरून जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद श्वास धरायचा, शक्य नसेल तर जमेल तितका. कॅप्सूलमध्ये पावडर उरली तर पुन्हा ओढायचं. त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर गुळण्या. दर भेटीला त्यांनी ते डॉक्टरांसमोर करून दाखवायचं.

फ्लूची आणि न्यूमोनियाची लस विचारून घ्या. बोटांची टोकं फुगीर झाली, वजन उतरलं किंवा बेडक्यात रक्त आलं तर "सीओपीडीच आहे" म्हणून बसू नका. फुगीर बोटं सीओपीडीची खूण नाही, तेव्हा गाठ किंवा दुसरं काही शोधावं लागतं. पायावर सूज आली तरी लगेच दाखवा.

आणि बिडी?

मनमाडचा_नीलेश

बिडीवर बोलणी चालू आहेत. तंबाखू सोडायच्या सरकारी टोल फ्री नंबरवर, १८००-११-२३५६, मामींनीच फोन लावून मामांच्या हातात दिला. निकोटिनची चघळायची गोळी आणली, पण वरची कवळी आहे, तिला चिकटते. मामांना तेवढंच निमित्त पुरलं.

फॅमिली_डॉक्टर_तालुक्याचा

कवळी असेल तर निकोटिनची पट्टी बघा. दंडावर किंवा पाठीवर कोरड्या, बिनकेसाच्या जागी लावायची, रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायची. किती ताकदीची, ते दिवसाच्या बिड्यांवर ठरतं, म्हणून डॉक्टरांना खरा आकडा सांगा. मामांचा नको, मामींचा.